चार इंचाचा ठोकळा

माझ्या कामाच्या पिशवीत टेप, गुण्या, खडू, मार्किंगचा खिळा असतो, आणि एक लाकडी ठोकळा असतो. लांबी चार इंच, रुंदी चार इंच, उंची चार इंच. एका सुतार मित्रानं उरलेल्या सागवानातून रंधून दिलेला. लेकीनं त्याच्यावर स्केचपेननं डोळे आणि दोन दात काढलेत, म्हणून दुकानातली पोरं त्याला ‘बाळ’ म्हणतात. साइटवर निघताना टेम्पोतून हाक येते, "शेठ, बाळ घेतलं का?"

सांगलीत माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, रेलिंग, पत्र्याचं शेड, शेतातली किरकोळ दुरुस्ती. अठरा वर्षं झाली वेल्डिंगचा होल्डर हातात धरून. रेलिंग उभं राहिलं की दोन गजांच्या फटीत ‘बाळा’ला ढकलायचं. अडकलं तर काम पास. पलीकडं गेलं तर गज कापायचे आणि पुन्हा मारायचे, पदरचे रॉड जाळून.

चारच इंच का? तर लहान पोराचं डोकं बाकीच्या अंगाच्या मानानं मोठं असतं. नुकतं चालायला लागलेलं पोर फटीत आधी पाय घालतं, मग पोट सरकतं, आणि डोकं अडकतं. अंग बाहेर लोंबकळतंय आणि डोकं आत, अशी ती तऱ्हा. चार इंचातून मुळात धडच जात नाही. जुन्या घरांची ग्रिलं बघा, सहा-सहा इंचांच्या फटी. कारण तेव्हा ग्रिल चोरासाठी बसवायचे. चोराचं माप वेगळं, पोराचं वेगळं.

गेल्या महिन्यात विश्रामबागला एका फ्लॅटची गॅलरी होती. दुसरा मजला. साहेबांनी मोबाइलवर फोटो दाखवला, स्टेनलेसचे पाच आडवे पाइप, चकचकीत. म्हणाले, "मिस्त्री, असं करा. उभे गज नकोत, तुरुंगात बसल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, "साहेब, ही शिडी आहे."

त्यांना पटेना. सॅम्पल म्हणून आडव्या पाइपची तीन फुटी चौकट नेली होती. मी आणि हेल्परनं ती दोन्ही बाजूंनी धरून हॉलमध्ये उभी केली. त्यांचं पोरगं दीड वर्षाचं. आलं, खालच्या पाइपवर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला, वरचा पाइप पोटाशी आला तेव्हा बापाकडं बघून खदखदून हसलं. बाप हसला नाही. आतून वहिनींचा आवाज आला, "उभेच गज मारा दादा, ह्यांचं ऐकू नका."

उंची साडेतीन फूट ठेवली. पण जाता जाता गॅलरीत प्लॅस्टिकची खुर्ची दिसली. साडेतीन फुटांचं रेलिंग, शेजारी दीड फुटाची खुर्ची, म्हणजे शिल्लक राहिलं दोन फूट. कुंडीचा स्टँड, वॉशिंग मशीन, रद्दीचा गठ्ठा, काहीही असो, कठड्याला चिकटून ठेवलं की तेवढं माप कठड्यातून वजा. हा हिशेब मी आता बिलाच्या मागच्या बाजूला लिहून देतो.

हे मापाचं वेड मला आधीपासून नव्हतं.

लेक सव्वा वर्षाची होती. जानेवारीतली सकाळ, गच्चीवर सोलर. सोलरचं पाणी कसं असतं तुम्हाला ठाऊक आहे, आधी पाइपातलं गार येतं, मग एकदम वाफाळतं. बायकोनं बादलीत गरम पाणी सोडलं, वरून गार घालायचं होतं. लेक बादलीच्या काठाला धरून उभी. टॉवेल दाराबाहेरच्या खिळ्यावर. बायकोनं हात लांब करून टॉवेल ओढला, तेवढ्यात लेकीनं उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. दोन सेकंद. फार तर तीन.

ती किंकाळी मी लिहीत नाही.

आई टूथपेस्ट घेऊन धावली. आमच्या लहानपणी भाजलं की पेस्ट, नाहीतर दौतीतली शाई, नाहीतर बटाट्याचा कीस. वरच्या मजल्यावरच्या काकू दवाखान्यात सिस्टर होत्या, आता रिटायर आहेत. त्या जिन्यातूनच ओरडल्या, "पेस्ट ठेव तिकडं! नळाखाली हात धर!" आल्या आल्या त्यांनी लेकीच्या हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या काढल्या. म्हणाल्या, सूज चढली की निघत नाहीत, मग कापाव्या लागतात. आणि घड्याळ बघून वीस मिनिटं साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरायला लावला. बर्फ नाही, फ्रिजचं पाणी नाही. बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळलं, नाहीतर एवढंसं पोर गारठतं. वीस मिनिटं म्हणजे किती असतात, हे रडणारं पोर धरून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी पाचव्या मिनिटालाच म्हणत होतो, "काकू, जाऊया की आता." त्यांनी सोडलं नाही. मग स्वच्छ धुतलेला सुती कपडा सैल गुंडाळून मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, पाणी किती वेळ ओतलं? फोड आम्ही कुणी फोडले नव्हते, तेही बरं झालं म्हणाले.

आणि मी काय केलं, तर रिक्षात बसल्या बसल्या बायकोला विचारलं, "लक्ष कुठं होतं तुझं?"

ती गप्प. चार आठवड्यांनी हात बरा झाला, तेव्हा एका सकाळी म्हणाली, "आज तुम्ही घाला आंघोळ. बघू लक्ष कुठं असतं ते."

घातली. साबणासाठी वळलो. पाणी डोळ्यात गेलं म्हणून ती ओरडली, तर तांब्या शोधायला वळलो. मोबाइल वाजला, तिकडं मान गेली. एका आंघोळीत मी सहा-सात वेळा नजर काढली होती. मग डोक्यात आलं, आपल्या दुकानात ग्राइंडरला गार्ड असतो. ‘हात सांभाळ’ एवढं सांगून भागलं असतं तर कंपनीनं गार्ड कशाला दिला असता? दुकानात मी माणसाच्या लक्षावर विसंबत नाही आणि घरी सगळा भार बायकोच्या लक्षावर टाकून मोकळा.

त्या दिवसापासून आमच्या न्हाणीघरात आधी गार पाणी, मग गरम. टॉवेलचा खिळा आत, हाताच्या अंतरावर. सोलरच्या लाइनला मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवला, नळातून येतानाच पाणी पन्नास अंशांच्या आत येतं. साठ अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, पोराची त्याहून लवकर. पन्नासच्या आसपास तेच व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणजे दहा अंश कमी केले की टॉवेल ओढायला बायकोला तेवढा वेळ मिळतो. गिझर असेल तर त्याचा काटाच खाली आणा, फुकटात काम होतं.

आता माझ्या हातून झालेली चूक. ही सांगायला जड जातं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी माधवनगर रोडला एका बंगल्याला सरकतं गेट केलं. चौदा फुटी, वजन दोनशे किलोच्या घरात. सरकतं गेट खाली रुळावर चाकांनी पळतं आणि वर गाईडच्या रोलरमध्ये धरलेलं असतं. त्याला उभं धरणारं एवढंच. रुळाच्या टोकाला स्टॉपर असतो, गेट गाईडच्या बाहेर जाऊ नये म्हणून. मी तो स्टॉपर नुसता टॅक, म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका, मारून सोडला होता. फुल वेल्ड संध्याकाळी मारू म्हटलं, लाइट गेली, राहून गेलं. बिल निघालं, पैसे आले, विसरलो.

त्या घरातली दोन पोरं गेटला रेल्वे करायची. एक चढणार, दुसरा ढकलणार. आदळून आदळून टॅक सुटला. एका दुपारी गेट गाईडमधून निघालं आणि आडवं झालं. धाकटा तेव्हा पाणी प्यायला आत गेला होता आणि थोरला ढकलणाऱ्या बाजूला, टोकाला होता. खाली सापडली ती धाकट्याची सायकल. मी बघायला गेलो तेव्हा तिचं पुढचं चाक पापडासारखं चपटं होऊन रुळाशेजारी पडलं होतं. त्या घरच्या आजोबांनी मला एक शब्द बोलला नाही. चहा दिला. तो चहा मला गेला नाही.

पुढचे दोन महिने दर रविवारी जुनी बिलं काढून मी सगळी सरकती गेटं फिरलो. दोन्ही टोकांना स्टॉपर, चारी बाजूंनी वेल्ड, वर गाईडच्या दोन जोड्या. तीन ठिकाणी मालकांनी स्टॉपर स्वतःच कापलेला सापडला, गाडीला जागा पुरत नाही म्हणून. तुमच्या दारात सरकतं गेट असेल तर आज एवढं करा, ते पूर्ण उघडा आणि टोकाला ते कशाला टेकून थांबतंय ते बघा. भिंतीला टेकत असेल तर स्टॉपर नाही. आणि हो, गेटाच्या मागच्या उभ्या पट्टीत आणि खांबात बोट चिरडतं. तिथं रबरी पट्टी लावायला शंभर-दोनशे रुपये लागतात.

जमिनीतल्या टाकीच्या झाकणाबद्दल थोडक्यात. पत्रा जाड हवा, कडी-कोयंडा हवा, कुलूप हवं, आणि उचलायला दोन कड्या हव्यात, नाहीतर बोटं सापडतात. गंजलेला पत्रा रंगवून नवा दिसतो, पण पाय आरपार जातो. बादलीचं मात्र लोकांना खरंच वाटत नाही. दीड वर्षाचं पोर बादलीत डोकावतं, डोकं जड, तोल जातो आणि पाय वर. स्वतःला उचलायची ताकद हातात नसते. बादली प्लॅस्टिकची, अर्धी भरलेली, त्यामुळं उलटतही नाही. पाणी चार बोटं असलं तरी नाक-तोंड बुडायला पुरतं, आणि आवाज होत नाही. आमच्याकडं न्हाणीघरात रात्री बादल्या पालथ्या असतात. सकाळी पाणी येत नाही तेव्हा आई ह्यावरून रोज बोलते. बोलू दे.

दुकानात थिनर मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवायचो. सगळेच ठेवतात. तासगावकडं बागायतदार फवारणीचं उरलेलं औषध अशाच बाटलीत काढून ठेवतात, शेतात पाण्याच्या कळशीशेजारी. पोराला झाकण ओळखीचं, रंग ओळखीचा. थिनर किंवा रॉकेल पोटात गेलं तर ओकारी काढायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. ओकताना ते फुप्फुसात शिरतं आणि खरं नुकसान तिथं होतं. बाटली किंवा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना, गाडी नसेल तर १०८. दिल्लीच्या एम्सचा विषबाधेसाठीचा फोन आहे, १८०० ११६ ११७, चोवीस तास. नंबर दुकानाच्या फळ्यावर खडूनं लिहिलाय. आता थिनर मूळ डब्यातच, वरच्या फळीवर.

मापाचंच बोलतोय तर आणखी एक माप सांगतो, हे मला लेकीच्या डॉक्टरांकडून कळलं आणि फार आवडलं. तीन वर्षांच्या आतल्या पोरांच्या खेळण्यांसाठी एक नळी वापरतात, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे आपला सव्वा इंच. जी वस्तू त्या नळीत पूर्ण बसते ती त्या वयाच्या पोराच्या हातात द्यायची नाही. मी दुकानात तसा पाइपचा तुकडा कापला आणि घरभर फिरलो. नट, वॉशर, पेनाचं टोपण, चिंचोका, देवघरातली सुपारी, सगळं आरामात आत. द्राक्षही. आमची सासुरवाडी तासगाव तालुक्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये क्रेटनं द्राक्षं येतात. अख्खं द्राक्ष गुळगुळीत, गोल आणि दाबलं की श्वासनळीच्या तोंडावर बुचासारखं बसणारं. पाच वर्षांच्या आतल्या पोराला उभे चार काप करून द्यायचे, आडवे नाहीत. आडवी चकती पुन्हा गोलच. सासरे पहिल्यांदा हसले, "द्राक्षाला सुरी लावतोयस व्हय जावईबापू?" आता स्वतःच कापून देतात. आणि भडंग. सांगलीत राहून पोराला भडंग द्यायचं नाही म्हणजे पाप, पण त्यातले शेंगदाणे वेचून बाजूला काढा, मग द्या.

अडकलंच तर घशात आंधळेपणानं बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. खोकत असेल तर खोकू द्या. खोकता येईना, आवाज निघेना, तर पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. पुन्हा पाच थापा. एक वर्षाच्या आतलं असेल तर पोट दाबायचं नाही. हातावर पालथं, डोकं खाली करून थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी दाब. काकूंनी आम्हा सगळ्यांना उशीवर शिकवलंय. रिमोटमधला चपटा गोल सेल गिळला असेल तर मात्र वाट बघायचीच नाही. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. तोंड काळं-निळं दिसणार नाही, पोर खेळतही असेल. तरी एक्स-रे. पोर वर्षाच्या वरचं असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध चाटवा, पण मध शोधण्यात वेळ घालवू नका.

बाहेरचं बोलायचं तर माझं गाव वाळवा तालुक्यात. दिवाळीच्या मागंपुढं कारखाना सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणं हा आमचा धंदाच होता, मीही केलाय. तेव्हा कळत नव्हतं, आता ट्रॉल्यांचे दांडे वेल्ड करताना कळतं. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात, आणि वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूला कापत येते. ट्रॅक्टर पुढं सुरक्षित गेला म्हणून आतल्या कोपऱ्यावर उभं राहिलेल्या पोराच्या अंगावर मागचं चाक येतं. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, आणि टेपच्या आवाजात ऐकूही येत नाही. मी गावात गेलो की पोरांना रस्त्यावर खडूनं हे वळण काढून दाखवतो. "ऊस पायजे तर मळ्यात या, मोळी देतो," असं चुलतभाऊ म्हणतो, आणि देतोही.

मोटारसायकलच्या मागच्या चाकात पाय जाणं हे आमच्याकडं रोजचं. पोर मागं बसतं, पाय लोंबतात, पेंगतं, टाच स्पोकमध्ये. मी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि छोटं पायदान करून देतो, साडीगार्डला जोडून. सायलेन्सरच्या बाजूनं पोराला उतरवू नका, पोटरीला चटका बसतो. चार वर्षांच्या आतल्या पोराला ड्रायव्हरशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० च्या आत वेग, असा नियम केंद्रानं २०२२ मध्ये काढलाय. सांगलीत तो पट्टा मी आजवर दोनच गाड्यांवर बघितला. त्यातली एक माझी.

कडबाकुट्टीबद्दल, म्हणजे जनावरांचा चारा कापायच्या यंत्राबद्दल, वेगळं लिहीन कधीतरी. आत्ता एवढंच की तोंडाला लांब नळी आणि पट्ट्याला जाळी हवी. बोट तुटलंच तर तुकडा स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. तुकडा थेट बर्फावर नाही.

शेततळी वाढली तसं नवं काम यायला लागलं. जत, कवठेमहांकाळकडं तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. तो ओला झाला की काचेसारखा घसरडा. उतरलेल्या पोराला सोडा, पोहणाऱ्या गड्यालाही वर चढता येत नाही. कुंपण महाग पडतं म्हणून बरेचजण टाळतात. मग मी म्हणतो, निदान चारी बाजूंना गाठी मारलेला दोर खुंटाला बांधून आत सोडा, आणि काठावर हवा भरलेली ट्यूब ठेवा. कुणी पडलं तर मागोमाग उडी नाही, आधी दोर, ट्यूब, साडी, काहीतरी फेका.

आता राहिली आमचीच विहीर. गावच्या मळ्यातली, पंचावन्न फूट, कठडा नाही. त्याच विहिरीत थोरल्या चुलत्यांनी मला पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकललं होतं आणि पोहायला शिकवलं होतं. लेकही तिथंच शिकावी असं मनात आहे, तिला दोन वर्षांपासून तलावावर पाठवतो तरी. म्हणून जाळी टाकायला हात होत नव्हता. उन्हाळ्यात भाऊबंदांची आठ पोरं तिथं असतात, थोरली सतरा वर्षांची, धाकटं तीन वर्षांचं, आणि दुपारी मोठी माणसं झोपलेली.

भाऊ म्हणतो, "जाळी टाकलीस तर फुटव्हॉल्व्ह कसा काढायचा मर्दा?"

त्याचंही बरोबर आहे, पंपाच्या पाइपाच्या तळाचा तो व्हॉल्व्ह वर काढावा लागतो. म्हणून जाळी दोन भागांची आखलीय, बारा एमएमचे गज, चार इंचावर, पाइपापाशी अडीच फुटांचं उघडतं दार, त्याला कुलूप. किल्ली चुलत्यांच्या करगोट्याला राहील, ज्याला पोहायचं त्यानं त्यांना उठवायचं. गज कापून दुकानात पडलेत. रविवारी टेम्पो मिळाला तर घेऊन जातो. लेक येणार म्हणतेय, ठोकळा घेऊन.